पहिली नोंद बांधावरची

ॲप पहिल्यांदा उघडणाऱ्याला दोन गोष्टी आधी कळायला हव्यात : आपल्याला काय विचारले जाणार आणि त्यासाठी जवळ काय लागणार. ऑनबोर्डिंगचा, म्हणजे नव्या वापरकर्त्याला ॲपची ओळख करून देण्याचा, पाया एवढाच आहे. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार केलेले ‘ई-पीक पाहणी’ ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर वापरात आले, आणि तलाठ्याकडे असलेली गाव नमुना 12 मधील पिकांची नोंद खातेदारांच्या हाती आली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन, अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातला कापूस-सोयाबीन घेणारा शेतकरी एका हंगामात ॲपचा वापरकर्ता झाला.

सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडल्यावर खातेदार नावाने, खाते क्रमांकाने किंवा गट क्रमांकाने शोधता येतो. गावात रुळलेले नाव आणि सातबारावरचे नाव एकच असेल असे नाही; नावाचा शोध फसतो तो इथे. म्हणून ‘सातबारा जवळ ठेवा’ ही सूचना पहिल्याच स्क्रीनवर हवी आणि गट क्रमांकाचा पर्याय नावाच्या आधी.

पुढचा अडथळा शब्दांचा. निर्भेळ (एकच) पीक, मिश्र पीक, पोटखराब (लागवडीस अयोग्य जमीन) हे महसुली दप्तरातले शब्द. जालन्यात कापसात तुरीच्या ओळी घेतल्या जातात; दप्तराच्या भाषेत तेच मिश्र पीक. 2022 च्या सुधारित आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय झाली. पण ‘कापसात आणखी काही पेरले आहे का?’ असे विचारले, तरच ती सोय शेतकऱ्याच्या ध्यानात येते.

लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी ॲप उघडताच मागू नये. पिकाचा फोटो काढायची वेळ आली, की कारण एका वाक्यात सांगून मागावी. नकार दिला गेला, तर परवानगी पुन्हा कुठून देता येईल हेही तिथेच दाखवावे. शिवारात अनेकदा रेंज नसते. ‘माहिती फोनमध्ये आहे, अजून पाठवलेली नाही’ हे ठळक दिसले नाही, तर नोंद झाली असे समजून माणूस घरी जातो. 2022 च्या त्याच सुधारित आवृत्तीत नोंद केल्यापासून 48 तासांत एकदा दुरुस्तीची मुभा आली. ती नोंद पाठवण्याआधी सांगितली, तर चुकीची धास्ती कमी होते.

पीक पाहणी हंगामाची असते. खरिपात शिकलेली पायरी रब्बीपर्यंत विसरली जाते. फोन मुलाचा असेल, तर हातही बदलतो. एकदाच दिसणारी ओळख-सफर इथे निरुपयोगी. मार्गदर्शन प्रत्येक पायरीवर पुन्हा उघडता आले पाहिजे.

चाचणीही कार्यालयात नव्हे, बांधावर उन्हात आणि साध्या फोनवर घ्यावी. किती जणांनी ॲप डाउनलोड केले यापेक्षा कोणाच्याही मदतीशिवाय किती जणांची पहिली नोंद पूर्ण झाली, हा आकडा रचनाकाराने मोजावा.