आजीला शंभरातून सात वजा करायला सांगणारे

शंभरातून सात वजा करा. उरले त्यातून पुन्हा सात. आज तारीख काय? एक वाक्य लिहा. हे दोन पंचकोन बघून काढा.

डिमेन्शियाच्या तपासणीत जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही चाचणी अशी आहे. १९७५ साली ती अमेरिकेत तयार झाली. जिच्या हाती कधी पेन्सिलच आली नाही, अशा बाईपुढे ती ठेवायची आणि गुण कमी पडले की स्मृती गेली म्हणायचं. यात मला डॉक्टर कमी आणि शाळामास्तर जास्त दिसतो. उलटंही होतं. जी खरोखर विसरते आहे तिला 'अडाणीच आहे, वय झालं' म्हणून परत पाठवलं जातं. म्हणजे दोन्हीकडून नापास. पर्याय नाही असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदी चाचणी १९९०च्या दशकातच तयार झाली.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. बायकांत, खेड्यांत आणि शाळा न मिळालेल्यांत प्रमाण जास्त. लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात जे १४ टाळता येण्याजोगे धोके दिले आहेत, त्यांत कमी शिक्षण आहेच. आपल्याकडे मात्र याला 'जीवनशैली' म्हणतात आणि शब्दकोडी सोडवायचा सल्ला देतात. कुणाला? रयतेच्या पैशावर वरच्या जातींचं शिक्षण चालतं, हे जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे १८८२ सालीच मांडलं होतं. आमच्या आज्यांनी शाळा आवडली नाही म्हणून सोडलेली नाही. शाळेचं दार कुणी बंद ठेवलं, हे त्या आरोग्य-पत्रकात का छापत नाहीत?

पुढे सेवेचा प्रश्न. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. हा आजार घरात चालतो. भरवायचं, आंघोळ घालायची, रात्री दार उघडून बाहेर पडते का बघायचं. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. पैसेवाल्यांकडे ब्युरोतून मावशी येते, बारा तासांसाठी. त्या बारा तासांत मावशीच्या सासूकडे कोण बघतं, याची नोंद कुठेच नाही.

दवाखान्यात फॉर्म भरणारे, डॉक्टरांशी बोलणारे घरातले पहिले तुम्हीच. तेव्हा आधीच सांगा, हिला शाळा मिळालेली नाही. पूर्वी काय जमायचं आणि आता काय जमत नाही ते सांगा. मजुरीचा हिशेब तोंडी करायची, आता चुकतो. रोजच्या वाटेवर भरकटते. भाजीत दोनदा मीठ घालते. बी-१२, थायरॉइड, कान आणि मनाची उदासी तपासली का, हे विचारा. यांतलं काही असेल तर त्यावर उपचार आहेत. 'म्हातारचळ' म्हणून विषय मिटवू देऊ नका, घरच्यांनाही नाही.

आणि रजा तुम्ही काढा. दरवेळी वहिनीनेच मजुरी का बुडवायची?