परिचारिका हव्यात, पण किती महिने?

प्रति,
प्रवेश विभाग,
कॉलेज ऑफ नर्सिंग अँड हेल्थ प्रोफेशन्स,
ड्रेक्सेल विद्यापीठ, फिलाडेल्फिया



तुमच्या विद्यापीठाच्या संग्रहात आमच्या आनंदीबाई जोशींचं एक पत्र आहे. जून १८८३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांनी ते विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला लिहिलं. (तेच कॉलेज पुढे नावं बदलत तुमच्यात सामावलं.) प्रवेशाच्या सगळ्याच अटींत मी बसेन असं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. तरी कॉलेजनं त्यांना घेतलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आज नर्सिंगच्या पदवीसाठी तशी सवलत कोणी मागू नये. रसायनशास्त्राचे, सूक्ष्मजीवशास्त्राचे गुण तपासा, टोफेल मागा, लसींचे आणि पोलिसांचे दाखले मागा. रुग्णाच्या खाटेशी उभं राहायचं तर हे हवंच. पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवल्याशिवाय व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी फॉर्म मिळत नाही. त्यासाठी इथला बाप सातबारा घेऊन बँकेची पायरी चढतो. तेही चालेल.

पण या अटींइतक्याच ठळकपणे पदवीनंतरची वाटही छापा, एवढ्यासाठी हे पत्र.

व्हिसाच्या खिडकीवर तिकडे शिकायला निघालेल्या मुलीला पटवून द्यावं लागतं की शिकून मी परत येणार. पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या परवान्यावर १२ महिने काम करता येतं. संगणकवाल्यांना मिळणारे आणखी २४ महिने नर्सिंगला नाहीत. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सहसा मिळत नाही, कारण तो किमान बॅचलर पदवी लागणाऱ्या कामांसाठी आहे आणि तुमच्याकडे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवरही परिचारिका होता येतं. उरलं ग्रीन कार्ड. अमेरिकेच्या कामगार खात्यानं परिचारिकांना तुटवड्याच्या 'शेड्यूल ए' यादीत घातलंय, तरी भारतात जन्मलेल्यांची ईबी-थ्री या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब! म्हणजे माणसं कमी आहेत हे सरकारच म्हणणार, आणि तिथेच शिकून एनक्लेक्स ही परिचारिकांची परवाना परीक्षा पास झालेली मुलगी वर्षभरात बॅगा भरणार.

कायदा बदलणं वॉशिंग्टनचं काम, तुमचं नव्हे. अर्जाचं पान मात्र तुमचं आहे. त्यावर फीच्या आकड्याखालीच हे सगळं लिहा. इथेच बीएस्सी नर्सिंग करून मुंबईच्या केंद्रावर एनक्लेक्स द्यायची, की कर्ज काढून तुमच्याकडे यायचं, हे मुलींना अर्ज भरण्याआधी ठरवू दे.

कळावे,
एक पालक