पळायचं कुठं, हे कोण सांगणार?

हैदराबादला समुद्र नाही. तरीही देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं तिथंच बसतात. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हे त्यांच्या संस्थेचं लांबलचक नाव. सगळे ‘इन्कॉइस’ म्हणतात. तिथलं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे. हिंदी महासागरात कुठंही मोठा भूकंप झाला, की साधारण दहा मिनिटांत त्याची जागा, खोली आणि तीव्रता सांगणारं पहिलं पत्रक निघतं. मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक काय दाखवतात ते बघून कोणत्या पट्ट्याला किती धोका, हे ठरतं. २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या जोडीनं हे केंद्र इतर देशांनाही इशारे देतं. सरकारला झोडपण्यासाठीच हे सदर चालतं असा काही वाचकांचा समज आहे. त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा. हे काम चांगलं झालं आहे.

अडचण हैदराबादच्या पुढं सुरू होते.

ती किती जुनी आहे हे बघायचं तर २६ डिसेंबर २००४ च्या सकाळकडे जावं लागतं. आपल्या घड्याळात ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ थोड्याच वेळात पाण्याखाली गेला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आदळली ती भूकंपानंतर सुमारे अडीच तासांनी. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. त्या वेळी हिंदी महासागरासाठी इशारा यंत्रणाच नव्हती, ही सबब खरी आहे. पण कार निकोबार बुडत असल्याचा निरोप लाट मुख्य भूमीवर येण्याआधीच हवाई दलाला मिळाला होता. हवामान खात्याचा भूकंपाबद्दलचा फॅक्स मात्र आधीच्या सरकारातल्या मंत्र्यांकडे गेला, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं. सरकार बदलून सात महिने उलटले होते. कुठल्या तरी टेबलावरच्या यादीतला नंबर तेवढा बदलायचा राहिला होता.

चारच दिवसांनी नेमकं उलटं घडलं. ३० डिसेंबरला केंद्रीय गृहखात्यानं एका परदेशी खासगी कंपनीच्या भाकितावर विसंबून पुन्हा त्सुनामीचा इशारा दिला. घरदार आणि माणसं गमावून बसलेले लोक जीव मुठीत धरून आत पळाले, मदतकार्य ठप्प झालं. लाट आलीच नाही. विज्ञानमंत्र्यांनी त्याच दिवशी ते भाकीत निराधार ठरवलं. एका आठवड्यात सरकारनं हवा तो इशारा दिला नाही आणि नको तो दिला. वर्षभरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्यामागं हा आठवडा होता.

त्या कायद्यानं देशाच्या प्राधिकरणाचं अध्यक्षपद पंतप्रधानांकडे, राज्याचं मुख्यमंत्र्यांकडे आणि जिल्ह्याचं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा हवा आणि तो दर वर्षी तपासून अद्ययावत करायला हवा, असंही त्यात आहे. हे आराखडे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर असतात, जरूर वाचा. जेसीबी कुणाकडे आहेत, होड्या किती, पट्टीचे पोहणारे कोण, सर्पमित्र कोण, कोणत्या अधिकाऱ्याचा मोबाइल कोणता, हे सगळं तक्त्यांमध्ये मांडलेलं असतं. या याद्यांची थट्टा करू नये. पुरात त्यांचा उपयोग झालेला आहे. पण अमुक वाडीतल्या माणसानं अमुक वाटेनं निघून अमुक जागी जायचं, एवढी साधी ओळ त्या शेकडो पानांत सहसा सापडत नाही. ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात यावे’ असं असतं. सुरक्षित स्थळ कोणतं, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.

ही एक ओळ नसली तर काय होतं, याचा निकाल जपानच्या न्यायालयांनी देऊन ठेवला आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा इशिनोमाकी शहराच्या हद्दीतल्या ओकावा प्राथमिक शाळेतली मुलं नियमाप्रमाणं मैदानात जमली. शाळा समुद्रापासून चारेक किलोमीटर आत, नदीकाठी. धोक्याच्या नकाशात ती सुरक्षित पट्ट्यात होती. इतकी, की आसपासच्या लोकांसाठी आसरा म्हणूनही तीच ठरवलेली होती. मागं टेकडी. इशारा झाला होता. आणि मुलं, शिक्षक, जमलेले गावकरी असे सगळे जवळजवळ पन्नास मिनिटं मैदानातच उभे राहिले, कारण पुढं कुठं जायचं यावर एकमत होईना. शाळेच्या पुस्तिकेत त्सुनामी आल्यास जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावं, असं लिहिलं होतं. ती मोकळी जागा कोणती, ते कुणी ठरवलंच नव्हतं. शेवटी निघाले तेव्हा नदीच्या पुलाकडे निघाले, आणि पाणी समोरून आलं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

पालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयानं त्या दुपारी शिक्षकांनी घेतलेल्या निर्णयाला दोष दिला. सेंदाईच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याच्याही मागं जाऊन पाहिलं. चूक त्या मैदानात नव्हे, आधीच्या वर्षांमध्ये झाली. पुस्तिकेत नेमकी जागा आणि वाट लिहून घेणं ही शाळेची आणि शिक्षण मंडळाची जबाबदारी होती आणि ती पार पाडली गेली नाही, असं त्यानं म्हटलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल कायम केला आणि शहर व प्रांताच्या प्रशासनाला एक अब्जाहून अधिक येन भरपाई द्यावी लागली. मोघम कागद तयार करणं हाच गुन्हा, असा याचा सरळ अर्थ. आपल्याकडे हा निकाल जिल्हाधिकारी कार्यालयांमध्ये भिंतीवर लावायला हरकत नाही.

त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली. नकाशावर विसंबू नका, थांबू नका, जमेल तितकं वर चढा, असं तिथल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं.

हे दुखणं जपानचं किंवा फार तर बंगालच्या उपसागराचं, असं म्हणून कोकणाला सुटता येणार नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानातल्या पस्नीच्या बाजूला, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कराची, कच्छ करत लाट मुंबईला पोचली सकाळी सव्वाआठला. उंची दोनएक मीटर. वर्सोवा, जुहू, दांडा, हाजी अली या भागांत मिळून पंधराएक माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. हाजी अली आणि जुहूला आज सकाळी सव्वाआठला किती माणसं असतात, हे मुंबईकरांना मी सांगायला नको. सप्टेंबर २०१६ मध्ये हिंदी महासागरातल्या देशांनी मिळून सराव केला, तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी मकरानचाच भूकंप कल्पिला होता, तोही ९ तीव्रतेचा. म्हणजे तज्ज्ञांच्या हिशेबात हा धोका आहे.

आता गणित मांडा. भूकंप ते मुंबई जवळजवळ पावणेपाच तास. त्यातली दहा मिनिटं हैदराबादची. वेळेची टंचाई अजिबात नाही. इंडोनेशियात पालूला २०१८ मध्ये लाट काही मिनिटांतच आली, भोंगे वाजलेच नाहीत, आणि तिथल्या समुद्रातले तरंगते मापक तर २०१२ पासूनच बंद पडलेले होते. त्यांची अडचण वेगळी आणि जास्त कठीण होती. आपल्याकडे साडेचार तास उरतात. ते मंत्रालयाचे, जिल्हाधिकाऱ्यांचे, तहसीलदारांचे, आणि सगळ्यात शेवटी तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंचांचे आहेत.

हल्ली यावर एक उत्तर हमखास मिळतं: आता फोनवर इशारा येतो ना! येतो. २० जुलै २०२३ च्या सकाळी अनेकांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश झळकला. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच नंतर विधिमंडळात सांगितलं. भोंगा कितीही मोठा असो, तो यादीतल्या गावासाठीच वाजणार. शिवाय जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात मोबाइलचे मनोरे आडवे झाले आणि कित्येक दिवस तिथं फोन लागत नव्हते. दूरच्या भूकंपात तसं होणार नाही हे मान्य. पण सगळी भिस्त एकाच तारेवर ठेवायची नसते, एवढं तरी निसर्गनं शिकवायला हवं होतं.

इशारा कळूनही माणसं जागची हलत नाहीत, हेही आपण पाहिलं आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा अंदाज काही दिवस आधीच दिला गेला. मच्छीमारांच्या होड्या बंदरात आल्या, बावटे लागले. आणि मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्रावर कामाला असलेलं पी-३०५ हे तराफा-जहाज २६१ माणसांसह तिथंच नांगर टाकून राहिलं. नांगर तुटले. ते जहाज आणि एक टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. कोळी बांधवांना बावट्याचा अर्थ कळला, तो मोठ्या कंत्राटांना कळला नाही.

कुठं जायचं हे उत्तर कोकणात खरं तर निसर्गानंच देऊन ठेवलं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक किनारी गावांत घरामागून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, निघते आणि दहा-पंधरा मिनिटांत वरच्या सड्यावर नेते. नागपट्टिणमच्या सपाट किनाऱ्यावर हे भाग्य नव्हतं. इथं काम एवढंच: पाखाडीच्या तोंडाशी पाटी, रात्री दिसेल असा दिवा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अंथरुणावरच्या माणसांना कुणी उचलायचं त्याची वाडीवार यादी, आणि वर्षातून एकदा शाळेच्या मुलांना घेऊन ती वाट चढणं. रेवदंड्यासारख्या गावात मात्र एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. तिथं लोक कुठल्या रस्त्यानं काढायचे हे आधी कागदावर आणि मग प्रत्यक्ष चालून बघावं लागेल. मुंबईच्या बहुतेक कोळीवाड्यांना टेकडीच नाही. तिथं पर्याय जवळच्या पक्क्या सिमेंट काँक्रीटच्या इमारतींचे वरचे मजले. पण त्या सोसायट्यांचे दरवाजे त्या दिवशी उघडणार का, हे विचारायला नको? वॉचमन कुणाचं ऐकणार, सोसायटीच्या सेक्रेटरीचं की वॉर्ड ऑफिसचं?

ओडिशानं हे प्रश्न विचारले. गंजाम जिल्ह्यातलं वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातलं नोलियासाही या दोन गावांना ऑगस्ट २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगानं ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. हिंदी महासागरात ती पहिलीच. त्यासाठी ठरलेल्या कसोट्या होत्या: पाण्याखाली जाणाऱ्या भागाचा नकाशा, वाटेवरच्या पाट्या, गावाची समिती, सराव, चोवीस तास इशारा घेण्याची सोय, असं सगळं. २०२४ मध्ये अशा गावांची संख्या वीसच्या पुढं गेली. सगळी ओडिशातली. त्याखेरीज सहा किनारी जिल्ह्यांत १२२ भोंग्यांचे मनोरे उभे आहेत. १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेल्यावर ते राज्य शहाणं झालं, असं म्हणतात. मग किल्लारीच्या भूकंपानंतर आपण काय झालो? १९९३ नंतर जिल्हा आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभारणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सुरुवात आपली चांगली होती. पुढं आपण पंचनामे आणि मदतीचे धनादेश यांत तरबेज झालो, कारण ते टीव्हीवर दिसतात. पाखाडीच्या तोंडाशी लावलेल्या पाटीचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

पैशाची सबबही नको. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा धोका कमी करण्याच्या कामांसाठी वेगळा काढायला सांगितला. पाट्या, दिवे, नकाशे आणि सराव त्यातच बसतात.

खरी भीती वेगळी आहे आणि अधिकारी ती खासगीत बोलतात: लोक हलवले आणि लाट आलीच नाही, तर? उद्या विधिमंडळात प्रश्न, वर्तमानपत्रात व्यंगचित्र. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा जपाननं जवळजवळ वीस लाख लोकांना उंचावर जायला सांगितलं. जपानमध्ये नोंदलेली सगळ्यात मोठी लाट सव्वा मीटरच्या आसपास निघाली. त्यावर तिथलं सरकार कोसळलं नाही. आपल्याकडे लाट न आल्याबद्दल जिल्हाधिकाऱ्याला खुलासा मागणार नाही, असं लेखी आश्वासन मुख्यमंत्र्यांनी राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून एकदा द्यावं. त्यासाठी ना निधी लागतो ना निविदा.

बाकीचं किनाऱ्यावरच्या वाचकांच्या हाती आहे. येत्या ग्रामसभेत, आणि मुंबईत राहत असाल तर वॉर्ड ऑफिसात, एकच प्रश्न लेखी द्या: भोंगा वाजला तर आमच्या वाडीनं कोणत्या वाटेनं, कोणत्या जागी जायचं? ‘सुरक्षित स्थळी’ हे उत्तर स्वीकारू नका. जागेचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत तहसीलदारांकडे देऊन पोच घ्या.