माजलगावच्या जलाशयावर मोठाच पंख हवा

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे 2024 साली ज्या पॅरिस ऑलिम्पिकात स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावला, त्याच ऑलिम्पिकात मार्सेयच्या समुद्रावर शिडाच्या फळ्या पाण्याला न टेकता धावत होत्या, हे आपल्या जिल्ह्यात फारसे कोणाच्या ध्यानी आले नसेल. फळीखाली सुमारे मीटरभर लांबीचा दांडा, त्याच्या टोकास पाण्यात बुडालेला विमानासारखा पंख, आणि पुरेसा वेग येताच त्या पंखाच्या बळावर स्वारासह अधांतरी उचलली जाणारी फळी, असा हा विंड फॉइलिंगचा मामला आहे.

तेथील स्पर्धकांचा पुढचा पंख अवघा 900 चौरस सेंटिमीटरांचा होता. विजेते जे वापरतात तेच उत्तम, अशी आपली सार्वत्रिक समजूत असल्यामुळे उद्या माजलगावच्या धरणावर हा खेळ आणण्याची कोणी तजवीज केलीच, तर खरेदीच्या यादीत हाच पंख प्रथम लिहिला जाईल, अशी मला धास्ती वाटते.

पंखाचे उत्थापक बल त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून क्षेत्रफळ दुप्पट केल्याने उड्डाणास लागणारा वेग निम्मा होत नाही, तो सुमारे तीस टक्क्यांनीच उतरतो. स्वार आणि सरंजाम मिळून शंभर किलो वजन धरले, तर 900 चौरस सेंटिमीटरांच्या पंखास ताशी सुमारे 19 किलोमीटरांचा वेग लागेल, आणि त्याच घडणीच्या 1800 च्या पंखास तेरा-साडेतेरा पुरतील. (गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून किंचित विरळ असल्याने आपल्याकडे हा वेग टक्काभर अधिकच लागतो, पण तेवढ्याचा हिशेब कोणी ठेवू नये.) हे अंतर वरकरणी क्षुल्लक दिसले, तरी उचलली जाण्यापूर्वीची फळी पाणी कापत रखडत असते आणि मंद वाऱ्यात तो शेवटचा पाच-सहा किलोमीटरांचा वेगच काही केल्या येत नाही. जलाशयावरील चांदवा आखूड पंखांमुळे पाण्यावर लांबवर धावत सुटतो, तेव्हा कोठे उडतो. बगळा उभ्या जागेवरून उठतो.

आणि आपल्याकडे वारा मंदच असणार, कारण बालाघाटावरील पवनचक्क्या ज्या पश्चिमेच्या वाऱ्यावर विसंबून असतात तो जून ते ऑगस्ट वाहतो, त्या वेळी सिंदफणेवरील हे धरण बहुधा रिते असते. पाणी चढते ते भाद्रपद-आश्विनात, वारा पडल्यावर. उथळ पाण्यात तर मीटरभराचा दांडा तळाला, बुडालेल्या बाभळीला किंवा मासेमाराच्या जाळ्याला अडकण्याचीच भीती अधिक.

मोठ्या पंखाचे दोष मी नाकारीत नाही. वेग वाढताच तो पाण्याचा विरोध ओढवून घेतो, आणि अवचित झोत आला तर फळीला इतके वर फेकतो की पंख पाण्याबाहेर येऊन स्वार आपटतो. परंतु हे दोष वेगवान खेळाडूंचे आहेत. शिकाऊ पोराला प्रथम उडता आले पाहिजे. तेव्हा ज्यांच्या हाती खरेदीचा अधिकार येईल त्यांनी निविदेत कमाल वेगाची अट न घालता उड्डाणाच्या किमान वेगाची घालावी, आणि 1800 चौरस सेंटिमीटरांपेक्षा लहान पंख पहिल्या वर्षी घेऊच नयेत.