विषाआधी ऊन वापरा

रावेतमध्ये टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, तरी भाजीपाला करणारी मंडळी माझ्या दवाखान्यात अजून येतात. रोपांच्या वाफ्यात उघड्या हाताने विषारी दाणेदार औषध टाकल्यावर घाम, मळमळ, लाळ सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी अंगावरचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. पण मुळात हे विष हवेच कशाला?

मे महिन्यात वाफा भुसभुशीत करून भरपूर पाणी द्यावे. त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटेल असे अंथरावे, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. ओली माती तापून रोपे कोलमडवणारी बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी बरेचसे मरते. काळ्या प्लॅस्टिकखाली माती कमी तापते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र सहसा दाद देत नाहीत. त्या खणूनच काढाव्यात. इस्रायलमधील काटान या शास्त्रज्ञाने १९७६ साली ही पद्धत मांडली.

महिनाभर वाफा अडकतो, ही तक्रार खरी. पण यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, हे विसरू नये. दाणेदार फोरेटच्या वापरावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदीच आहे. माझे स्पष्ट मत आहे : निदान रोपांच्या वाफ्यापुरते तरी आधी ऊन वापरून पाहावे. विषबाधेवर आम्हा डॉक्टरांकडे इंजेक्शन आहे; पण ते टोचण्याची वेळच येऊ नये.