परांचीवरचं मन

रविवारची सकाळ. चहाचा दुसरा कप हातात आहे, पुरवणी उघडलेली आहे आणि मागच्या प्लॉटवरून काँक्रीटच्या पंपाची घरघर ऐकू येते आहे. ‘रविवारीसुद्धा यांना चैन नाही!’ असं पुटपुटत आपण खिडकी लावून घेतो. निवृत्त झाल्यापासून मीही लावून घेतो. पण खिडकी लावल्यावरही माझा एक कान त्या आवाजाकडेच असतो. पंप मध्येच थांबला की छातीत धस्स होतं. चौतीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाची ही खोड आहे, ती आता जायची नाही.

बाहेरच्या माणसाला स्लॅबचा दिवस म्हणजे नारळ आणि पेढे एवढंच माहीत असतं. आतल्या माणसाला तो परीक्षेचा दिवस असतो. काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मध्येच थांबता येत नाही. आधीचा थर आवळू लागल्यावर त्यावर नवा ओतला, तर दोहोंचा जीव एक होत नाही. तो सांधा पुढे आयुष्यभर पाणी गळत राहतो. शिवाय शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळा असतात, म्हणून काँक्रीटचे मिक्सर येतात रात्री. सकाळी सातला आलेला इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घरी जातो, यात आमच्या धंद्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. उलट ‘आमचा साहेब दोन दोन रात्री जागतो’ हे कौतुकाने सांगितलं जातं. मलाही त्या कौतुकाची चटक होती.

१९९४ सालची गोष्ट. सात मजल्यांची इमारत होती, चौथा स्लॅब दुसऱ्या दिवशी भरायचा होता. संध्याकाळी मी खालून टेकू बघत फिरत होतो. तेव्हा लोखंडी जॅक सर्रास नव्हते. लाकडी बल्ल्यांवर प्लेटा तोललेल्या असत आणि प्रत्येक बल्लीखाली दोन पाचरी उलटसुलट ठोकून ती घट्ट बसवलेली असे. एका कोपऱ्यातल्या अख्ख्या रांगेला पाचरीच नव्हत्या. बल्ल्या नुसत्या उभ्या होत्या, हाताने हलत होत्या. वर टनावारी ओलं काँक्रीट आणि वीस-बावीस माणसं यायची होती.

ते काम आमच्या सर्वांत जुन्या सेंट्रिंगवाल्याचं होतं. विजापूरकडचा माणूस, वीस वर्षांचा अनुभव, हात असा की गुण्या लावायची गरज पडू नये. मी त्याला सगळ्यांसमोर वाटेल तसं बोललो. तो खाली मान घालून पाचरी ठोकत राहिला. रात्री मुकादम माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, ‘‘साहेब, त्याचं पोरगं आठ दिवस तापानं फणफणलंय गावाकडं. रोज रात्री एसटीडी बूथच्या रांगेत उभा राहतो, दर उतरल्यावर फोन करायला. दोन पंधरवडे पगार नाही. माणूस इथं हाय साहेब, पन मन थाऱ्यावर नाही.’’

पगार थकलेला होता तो आमच्याकडूनच. बिल वर अडकलं होतं, म्हणून खाली पैसे गेले नव्हते. त्या बिलाचा कागद माझ्याच टेबलावर होता.

आणि आता कबूल करायला हरकत नाही. त्याच इमारतीच्या पुढच्या स्लॅबला, सलग दुसऱ्या जागरणानंतर, सळयांच्या तपासणीच्या तक्त्यावर मी वर न चढताच सही केली होती. सळया बरोबर होत्या, हे माझं नशीब. सेंट्रिंगवाल्याला बोलायला मी होतो. मला बोलायला कोणी नव्हतं.

‘लक्ष देऊन काम करा’, ‘सावधान राहा, सुरक्षित राहा’ असे फलक प्रत्येक साइटच्या दारावर असतात. त्या फलकांमागची समजूत अशी, की लक्ष ही कामगाराच्या खिशातली वस्तू आहे. त्याने ती काढावी आणि वापरावी. चुकला तर निष्काळजी. माझं मत, पुष्कळ वर्षांच्या चुकांनंतर बनलेलं, असं आहे की लक्ष हे सिमेंट आणि सळईसारखंच साइटला पुरवावं लागणारं सामान आहे. ते झोपेतून येतं, वेळेवर मिळालेल्या पगारातून येतं, पोर सुरक्षित आहे या खात्रीतून येतं. हे पुरवायचं नाही आणि वर लक्ष मागायचं, म्हणजे सिमेंटशिवाय काँक्रीट मागण्यासारखं आहे.

झोपेचंच बघा. १९९७ साली ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी त्याच माणसांना एकदा जागं ठेवून आणि एकदा दारू पाजून, हात आणि नजर यांचा मेळ किती बिघडतो ते मोजलं. सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं त्यांना आढळलं. चोवीस तासांनंतर तो आकडा सुमारे ०.१० वर जातो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्क्यांची. दारू पिऊन आलेल्या माणसाला कोणताही मुकादम परांचीवर चढू देणार नाही, गेटवरूनच हाकलेल. रात्रभर जागलेल्याला मात्र आपण चहा पाजतो आणि वर चढवतो.

झोप साइटवरच जाते असंही नाही. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा जण, एक पंखा, एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीपर्यंत तापलेला पत्रा. सकाळी त्या माणसाच्या हातात चाळिसाव्या फुटावरचं काम द्यायचं. त्यात दिवसाचं ऊन. उन्हाने पाणी कमी पडलेलं डोकं आधी चिडतं, मग विसरतं, आणि चक्कर सगळ्यांत शेवटी येते. आपण पाण्याचा पिंप भरतो तो चक्कर आल्यावर.

पैशाचंही तसंच. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची चाचणी घेऊन काही अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं, की तोच शेतकरी पीक हाती येण्याआधी, ओढाताणीच्या दिवसांत, बुद्धीच्या साध्या कसोट्यांत मागे पडतो आणि पैसे हाती आल्यावर सुधारतो. पुढे ओडिशात पत्रावळी करणाऱ्या कामगारांवर अभ्यास झाला. मजुरी तेवढीच, पण तिचा काही भाग आधी हातात दिला, तर काम वाढलं आणि चुका घटल्या. आमच्या सेंट्रिंगवाल्याच्या पाचरी कुठे हरवल्या होत्या, ते मला हे वाचून वीस वर्षांनी कळलं.

बायकांची गोष्ट याहून अवघड. डोक्यावर घमेलं आणि नजर वाळूच्या ढिगाकडे, कारण तिथं पोर खेळतं आहे. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर धुळीत पडलेली पोरं पाहून मीरा महादेवन यांनी तिथंच पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’चं काम उभं राहिलं आणि पुढे मुंबई-पुण्यातही आलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तिथं पाळणाघराची अट घातली. पण आपल्या गल्लीतल्या साइटवर पन्नास बाया कधी असतात? असतात सहा, आठ. त्यांची पोरं त्या कायद्याच्या खालून निसटत आली. मी दोन साइटवर एका खोलीत पाळणाघर चालवून घेतलं, मुकादमाच्याच बायकोला पगार देऊन. दयाबुद्धी होतीच, पण हिशोबही होता. बायकांच्या हातून होणारी सांडलवंड आणि ठेचकाळणं महिनाभरात कमी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

आता तुमच्या घराकडे येतो. आज मध्यमवर्गीय घरांतून किती तरी मुलं-मुली सिव्हिल इंजिनिअर होऊन साइटवर उभी आहेत. त्यांचं दु:ख कामगाराच्या दु:खाशी तोलू नये, पण त्यांचंही मन परांचीवरच असतं. ताबा अमुक तारखेला द्यायचा, ही २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाला मिळालेली मोठी सोय आहे आणि ती हवीच. मात्र तारीख वरून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर जड होत जाते. बिल्डर प्रकल्प-प्रमुखाला दाबतो, तो इंजिनिअरला, इंजिनिअर मुकादमाला. रात्री अकराला मोबाइलवर विचारणा येते, ‘आजचे फोटो कुठे आहेत?’ सकाळी साडेसहाला दुसरी. शाबासकी कोणाचीच नाही, कारण सरळ भिंतीबद्दल कोणी शाबासकी देत नसतं. वाकडी झाली तरच ती दिसते.

माझ्या हाताखाली असाच एक मुलगा होता. हुशार, अबोल. तीन-चार महिन्यांत तो नकाशा पुढ्यात घेऊन नुसता बसून राहू लागला. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, जरा घट्ट हो. आम्ही काय सोसलं नाही?’’ तो हसला. आठवड्याने त्याच्या वडिलांचा फोन आला. कोल्हापूरकडचे शिक्षक. फार अदबीने बोलले आणि शेवटी विचारलं, ‘‘साहेब, तो जेवतो का?’’

मला सांगता येईना. त्याच्या कॉलमची उंची मला मिलिमीटरमध्ये ठाऊक होती. मुलगा जेवतो की नाही, हे ठाऊक नव्हतं. त्याला घरी पाठवलं, डॉक्टरांना दाखवलं गेलं, औषधं आणि विश्रांती मिळाली. सहा महिन्यांनी तो दुसरीकडे रुजू झाला, आज चांगल्या जागी आहे. वडिलांनी फोन केला म्हणून.

सगळ्यांचे वडील फोन करू शकत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवरचे होते. म्हणजे चारांत एक. हे सगळे बांधकामावरचे नव्हेत, पण आमचे नाक्यावरचे बिगारी, गवंडी याच रकान्यात मोडतात. आणि हा माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डोकं लागत नाही’, ‘जीव लागत नाही’. नाही तर खाडा करतो. आपण खाड्याचे पैसे कापतो आणि विषय संपवतो.

मग करायचं काय? माझ्या मते मोठ्या योजनांआधी काही साध्या गोष्टी आहेत. पगाराची तारीख ठरलेली असावी आणि बिल अडकलं तरी ती चुकू नये. स्लॅबला इंजिनिअरच्या दोन पाळ्या असाव्यात. रात्री जागलेल्याने उंचीवर चढायचं नाही आणि त्यासाठी त्याची हजेरी कापायची नाही. कापली तर तो खोटं बोलेल, आणि मग आपल्याला काहीच कळणार नाही. जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने उच्चारत तपासण्याची पद्धत आहे, ती मी टेकूंना लावली. एकाने बल्लीला हात लावून आकडा म्हणायचा, दुसऱ्याने मागून म्हणायचा. पहिले दोन दिवस सगळे हसले. पाचरी मात्र पुन्हा विसरल्या गेल्या नाहीत.

सकाळी हेल्मेटवर भाषण होतं, त्यातली दोन मिनिटं तोंडं बघण्यात घालवावीत. कोण गप्प आहे, कोणाचे डोळे तांबारलेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००८ पासून बांधकाम कामगारांनाच असं शिक्षण देतात, की शेजारचा सोबती खचतोय हे ओळखायचं कसं आणि त्याला मदतीपर्यंत न्यायचं कसं. आपल्याकडे हे काम मुकादम करू शकेल. तो गावचा असतो, त्याला घरचं कळतं. पण उचल त्याच्याच हातात असते, म्हणून काही गोष्टी त्याला कोणी सांगणार नाही. तेव्हा आणखी एक कान हवा, पैशाचा व्यवहार नसलेला. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. हा आकडा हजेरीच्या खिडकीशी लावायला खर्च येतो एका खडूचा.

‘एवढं करत बसलो तर काम कधी करायचं?’ हा प्रश्न मी ऐकलेला आहे. मीच तो विचारत असे. कामगार आज इथं तर उद्या तिथं, त्याच्यावर खर्च कोण करणार, हेही खरं आहे. पण एक पडलेला स्लॅब, एक थांबलेली साइट, एक उघडी पडलेली संसाराची चूल यांचा हिशोब कोणत्याही निविदेत धरलेला नसतो. तो धरला, तर पाळणाघर आणि दुसरी पाळी स्वस्त पडते.

आणि तुमच्या घरातलं पोर साइटवर असेल, तर रात्री ते आल्यावर ‘काम कसं चाललंय?’ असं विचारू नका. त्याला दिवसभर सगळे तेच विचारत असतात. जेवलास का, झोपलास का, एवढं विचारा. त्या शिक्षकांचा प्रश्न मी पुढे नोकरीत असेपर्यंत वापरला. नव्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक गवंड्याला. बरेच जण ‘हो साहेब’ म्हणून पुढे जात. कधी तरी एखादा जागीच थांबायचा. त्या दिवशी आम्ही त्याला वर चढू देत नसू.