फिल्मची लेन्स, डिजिटलची लेन्स... हे सोवळं-ओवळं कशाला?

यंदा चवथीला मूळ घरी गेलो होतो. माटोळीचे फोटो काढताना चुलतभावाला सहज विचारलं, "अरे, काकांचा तो जुना निकॉन कुठे आहे?"

"कॅमेरा कपाटात आहे. लेन्सेस भंगारवाल्याला दिल्या."

"भंगारवाल्याला? का रे?"

"दुकानात विचारलं तर म्हणाले, फिल्मच्या लेन्स डिजिटलला चालत नाहीत."

हातातली नेवरी हातातच राहिली. हेच वाक्य मी गेली अनेक वर्षं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकतोय. आज मात्र लिहायलाच हवं. मंडळी, हे वाक्य सरसकट खोटं आहे.

लेन्सचं काम काय? प्रकाश गोळा करून ठराविक अंतरावर प्रतिमा पाडणं. त्या अंतरावर फिल्म आहे की सेन्सर, हे काचेला काय कळतं? निकॉनचं एफ माउंट १९५९ साली आलं. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर. पुढे डिजिटल एसएलआर आले, त्यांतही तेवढंच ठेवलं. पेंटॅक्सने १९७५ चं के माउंट असंच सांभाळलं. आमच्या कार्यालयात संगणक आले म्हणून जुन्या नोंदवह्यांतल्या नोंदी काही रद्द झाल्या नाहीत!

"पण ५० ची लेन्स डिजिटलवर ७५ ची होते ना?" नाही हो, होत नाही. ५० ची ५०च राहते. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. तो प्रतिमेचा मधलाच भाग उचलतो, म्हणून दृश्य ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकं आवळलेलं दिसतं. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचं माड जवळ आलं असं कोणी म्हणतं का?

"ऑटोफोकस होत नाही." काही बॉडींवर नाही होत, खरं आहे. पण दोष कोणाचा? निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सेस कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतात. २००६ च्या डी४० मध्ये कंपनीने ती मोटरच दिली नाही. पुढच्या स्वस्त मॉडेलांचीही तीच गत. १९७७ नंतरच्या हाताने फोकस करायच्या लेन्सेस या बॉडींवर बसतात, पण प्रकाश मोजून मिळत नाही. २०१० च्या डी७००० मध्ये मोटरही आहे, आणि मेनूत लेन्सची माहिती भरली की प्रकाशमापनही होतं. म्हणजे कात्री चालवली ती बॉडीवर, आणि नाव मात्र लेन्सचं खराब.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझाही दुकानदार व्हायचा. १९७७ पूर्वीची, बदल न केलेली निकॉनची लेन्स अनेक डिजिटल बॉडींवर जबरदस्तीने बसवली तर कॅमेऱ्याचा खटका मोडू शकतो. कॅननने तर १९८७ साली माउंटच बदललं. जुन्या एफडी लेन्सेस ईओएस एसएलआरवर सरळ बसत नाहीत, आणि साधा अडॅप्टर लावला तर लांबचं फोकस होत नाही. पण त्याच १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्सेस ईओएस डिजिटल एसएलआरवर ऑटोफोकससकट चालतात. तेव्हा सरसकट काही बोलू नये, एवढंच.

गंमत पुढेच आहे. उलट दिशेने जाऊन बघा. डिजिटलसाठी काढलेली कॅननची ईएफ-एस लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण कोपरे काळे पडतात. जी प्रकारच्या लेन्सला ॲपर्चरची रिंगच नाही, त्यामुळे जुन्या हाती कॅमेऱ्यावर ती सगळ्यात लहान छिद्रावरच अडकते. म्हणजे ओवळं कोण, जुनं की नवं?

माझ्याकडे ५० मिलिमीटर एफ १.८ ची, रिंगवाली डी लेन्स आहे. फिल्मच्या बॉडीवरही तीच, डिजिटलवरही तीच. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची झूम पुढच्या टोकाला एफ ५.६ वर येते. एफ १.८ तिच्यापेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. समईच्या उजेडात माटोळी फ्लॅश न मारता टिपायची असेल, तर हा फरक कागदावरचा नाही. फ्लॅश मारला की माटोळीची फळं प्लास्टिकची दिसतात, हे ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि आता तर मिररलेस कॅमेरे आलेत. निकॉनच्या झेड माउंटमध्ये ते अंतर फक्त १६ मिलिमीटर. त्यामुळे साध्या अडॅप्टरवर १९८७ साली अनाथ झालेल्या एफडी लेन्सेसही पुन्हा लांबवर फोकस करू लागल्या. फोकस हाताने करावा लागतो, पण फोटो येतो!

आपल्याकडे खरा शत्रू एकच, पावसाळा. बंद लाकडी कपाटात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, एवढा साधा उपाय. पण तो सांगून दुकानदाराला काय मिळणार?

भावाच्या लेन्सेस गेल्या त्या गेल्या. काकांनी त्या कशा जपल्या होत्या ते मी बघितलंय, म्हणून जास्त लागलं. तुमच्या घरी असतील तर विकण्याआधी टोपी काढा, उजेडाकडे धरून काच बघा, माउंट कुठलं ते वाचा. मग ज्याला कळतं अशाला विचारा. नवा कॅमेरा विकायला बसलेल्याला नको.